सायरन आम्हीच मागितला होता

"ताई, तुम्हाला चोर पकडायचाय का पोलिसांची गाडी बघायचीय?"

हे विचारणारे पोलीस ठाण्याचे प्रमुख पठाण साहेब. टेबलावर त्यांच्या पुढ्यात माझं पत्रक. बाहेर आवारात पाली गावच्या माळावरची मेंढपाळ मंडळी, बायका पुढं. माझा घसा सकाळपासून घोषणा देऊन बसलेला. मी म्हटलं, "दोन्ही, साहेब." दारातून आत डोकावणाऱ्या आमच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला लई बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवलं की आता हातातला घास हातातच राहतो.

मी बीडमधल्या एका संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. गावं फिरायची, माणसांचं ऐकायचं, अर्ज लिहायचे, मोर्चा काढायचा आणि मोर्चाच्या आधी पत्रक काढायचं, हे माझं काम. त्यातलं पत्रक मला खरं येतं. आमचे भाऊ, म्हणजे संघटनेचे प्रमुख, यांनी ते मला शिकवलं. त्यांचे नियम साधे आहेत. पत्रक एका पानाचं. मागणी एका ओळीची. ती ओळ ओरडता आली पाहिजे. आणि 'योग्य ती कार्यवाही', 'योग्य ती उपाययोजना' असलं काही पत्रकात आलं की पत्रक मेलं. "योग्य ती म्हणजे काय?" भाऊ म्हणतात. "काहीच नाही. सरकार 'योग्य ती' म्हणतं आणि झोपतं."

हे त्यांचं म्हणणं मला अजूनही पटतं. पुढचं सगळं मला ते पटत असतानाच घडलं.

भानगड अशी होती. बिंदुसरेच्या धरणाच्या अंगानं जो माळ आहे, त्यावर मेंढपाळांची पालं असतात. पाल म्हणजे कापडाचं घर. तिथून मेंढरं चोरीला जायला लागली होती. आणि ती दिवसाढवळ्या. मोटरसायकलवर दोघं यायचे, कळपाच्या शेवटाला चरणारं एखादं कोकरू उचलायचे, दोघांच्या मधी बसवायचे आणि वरून चादर टाकायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आजारी बाईला दवाखान्यात नेतायत. एकदा तर एका भल्या माणसानं वाट सोडून त्यांना पुढं जाऊ दिलं होतं.

११२ ला फोन लावला की गाडी यायची. पण ती डांबरी रस्त्यावर यायची, आणि चोर तोवर धुळीच्या वाटेनं कुठल्या कुठं. पोलीस विचारायचे, मेंढराची ओळख काय? मेंढपाळ म्हणायचा, माझं हाय. पोलीस म्हणायचे, ते तर सगळेच म्हणतात. मग फिर्याद तोंडी राहायची. तोंडी फिर्याद म्हणजे वाऱ्यावर सोडलेली फिर्याद. याचा मला संताप होता, आणि तो आजही आहे. गावातल्या कुणाची बुलेट चोरीला गेली की पंचनामा होतो. मेंढरू गेलं की सल्ला मिळतो.

मारुतीआबा आणि सोजरबाई हे नवराबायको या कळपवाल्यांत सगळ्यात बोलके. आबा पुढारपण करणारे, सोजरबाई त्यांचं पुढारपण मोडणाऱ्या. माळावर आम्ही बैठक घेतली तेव्हा काय मागायचं ते मी सगळ्यांना विचारलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण आम्ही बीडमध्ये बसून ठरवलं असं नाही. आबा उठून उभे राहिले.

"पोलिसाची गाडी भोंगा वाजवत आली पायजे. सायरन! आमदाराच्या फुडं वाजतो तसला. चोराचं धोतर सुटलं पायजे."

"चोर आता प्यांट घालतेत," सोजरबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "धोतर तुमचंच सुटंल."

सगळे हसले. आबाही हसले. पण मागणी ठरली, आणि ती ओरडता येत होती. घरी येऊन मी पत्रक लिहिलं. सवयीनं आधी लिहिलं होतं, 'माळावर योग्य ती पोलीस गस्त सुरू करा.' मग भाऊंचा नियम आठवला. 'योग्य ती' खोडलं. वर लिहिलं: 'माळावर सायरनची गस्त चालू करा! मेंढपाळाला ऐकू येईल अशी गस्त!' वाचून माझ्याच अंगावर काटा आला.

तर त्या पत्रकावर बोट ठेवून पठाण साहेब मला समजावत होते.

"गस्त एकाच जातीची नसते, ताई. हायवेला जीप. जीप दिसली पाहिजे, दिवा चालू पाहिजे, म्हणजे माणूस वेग कमी करतो. बाजारात पायी. गर्दीत जीप घातली तर जीपच अडकते, खिसेकापू नाही. आणि माळावर मोटरसायकल. दोन जवान, साधे कपडे, यायची वेळ ठरलेली नाही. सायरन वाजवत जाणं म्हणजे चोराला आधी फोन करून येणं."

"साध्या कपड्यातला पोलीस आमच्या माणसांना ओळखू कसा येणार?"

"चोरालाही येणार नाही. तेच तर पाहिजे."

"आणि तो माळावर गेला का धाब्यावर चहा पीत बसला, हे कोण बघणार? साहेब, सायरन वाजला तर माणसाला कळतं की पोलीस आले. नाही वाजला तर नुसतं कागदावर कळतं."

त्यांनी पत्रक स्वतःकडं ओढलं. माझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे त्यांनाही माहीत असणार. कागदावरच्या गस्ती मी पाहिलेल्या आहेत. बीटवरचा माणूस, म्हणजे ज्याच्याकडं पाचदहा गावं वाटून दिलेली असतात तो पोलीस, गावात न येता गावात येऊन गेल्याचं लिहितो, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे.

"ठीक," साहेब म्हणाले. "लिहून द्या. सायरनसह जीप गस्त पाहिजे म्हणून. तुमच्या सहीनं."

मी तिथंच उभ्या उभ्या लिहून दिलं. बाहेर येऊन पायरीवरून सांगितलं, "मागणी मान्य!" आबांनी डोक्याचा पटका काढून हवेत उडवला.

त्या खोलीत मेंढराचा विचार कुणीच केला नव्हता, हेही इथंच सांगून टाकते. साहेबांच्या डोक्यात चोर होता. माझ्या डोक्यात पोलीस होता. आबांच्या डोक्यात चोराचं धोतर होतं. नंतर मात्र मला भेटलेल्या प्रत्येक माणसाला हे होणार ते आधीच माहीत होतं.

गस्तीच्या पहिल्या दिवशी सकाळी जीप निघाली. चालवायला गितेमामा. आमच्याकडं पोलिसाला मामा म्हणतात, आणि हे तर वयानंही मामा होते, हवालदार. शेजारी एक तरुण शिपाई. मागून मी स्कूटीवर. माझ्या मागं आमचा एक कार्यकर्ता, सचिन, माझा मोबाईल धरून. मोबाईलवर लाईव्ह चालू. शीर्षक होतं 'संघर्षाचा विजय'.

डांबरीवर सायरन वाजत होता. लोक वळून बघत होते. पालीच्या पुढं जीप डांबरी सोडून माळाच्या वाटेला लागली आणि सायरन थांबला. मी स्कूटी पुढं घेतली आणि खिडकीशी गेले.

"मामा, बंद कावून केला?"

"इथं कोणाय ऐकायला, ताई? बाभळी?"

"मारुतीआबा आहेत ना. त्यांच्यासाठीच तर आहे. लावा सायरन!"

"डोकं उठतंय ओ त्येनं."

"मामा, सायरन!" मी ओरडले. ओरडायची मला सवय आहे. गितेमामांनी खांदे उडवले आणि बटण दाबलं.

मुगाची काढणी नुकतीच झालेली होती. मुगाचं रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतो. मेंढराला पाला मिळतो, रानाला खत मिळतं. आबांचा कळप अशाच एका रानात पसरलेला होता. आबा बांधावर उभे होते. गाडी बघून त्यांनी पटका काढला आणि दोन्ही हातांनी हलवायला लागले. "वाजवा! वाजवा!" सायरनच्या वर त्यांचा आवाज मला ऐकू आला. गितेमामांना बहुतेक आला नसावा, पण पटका दिसला. त्यांनीही हसून हात केला.

मेंढरांनी एकदम माना वर केल्या. सगळ्यांनी मिळून. तेवढं मला स्पष्ट दिसलं. मग ती पळाली.

पळाली म्हणजे विखुरली असती तर बरं झालं असतं. मेंढरू बुजलं की एकटं पळत नाही. पुढचं जिकडं जाईल तिकडं मागचं जातं. हे सगळ्या दुनियेला माहीत आहे. मी भाषणातसुद्धा वापरते, "मेंढरासारखं मागं जाऊ नका" म्हणून. पुढची मेंढी जीपच्या उलट्या बाजूला पळाली. त्या बाजूला विहीर होती. सरकारी योजनेतून नवी खोदलेली, पावसानं अर्धी भरलेली, आणि कठडा न बांधलेली. पुढची मेंढी गेली. तिच्या मागची गेली. त्यांच्या मागून सगळा लोंढा.

सोजरबाई विहिरीच्या अंगालाच बसल्या होत्या. त्या उठून काठावर आडव्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून. मेंढरं त्यांच्या बाजूनं, त्यांच्या पायांतून जात राहिली. एक त्यांच्या अंगावर आदळली आणि त्या काठावरच खाली बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी हाताला लागेल त्या मेंढीचा पाय धरला, एक, मग दुसरी, आणि धरून ठेवल्या.

आम्ही सगळे धावलो. गितेमामा गाडी तशीच सोडून धावले. शिपाई धावला. आबा पटका टाकून धावले. आणि सायरन वाजतच राहिला. गाडीत कुणी उरलंच नव्हतं. उरलेली मेंढरं त्या आवाजानं आणखी बिथरत होती, फिरून फिरून विहिरीकडंच येत होती, आणि आम्ही चारपाच शहाणी माणसं काठावर हातवारे करत होतो.

"भोंगा!" सोजरबाई किंचाळल्या. "भोंगा बंद करा की आदी! मुडदा बशिवला तुमचा, भोंगा बंद करा!"

शिपाई मागं पळाला. सायरन थांबला. मग विहिरीतला आवाज ऐकू आला. तो मी लिहिणार नाही.

गावातली पोरं आली. दोर आले, बाजा आल्या. बाजेला चार कोपऱ्यांना दोर बांधून आत सोडायची आणि मेंढरू तिच्यावर चढवायचं, असं काम चाललं. गितेमामा अंगावरच्या वर्दीनिशी पाण्यात उतरले, त्यांचं वय न बघता. काही मेंढरं जिवंत निघाली. लई निघाली नाहीत. खालची वरच्यांच्या भारानंच गेली होती. काढलेली मेंढरं मुगाच्या रानात ओळीनं ठेवली गेली. आबा प्रत्येकीला तिच्या नावानं हाक मारून बघत होते. चोरांनी त्या माळावरून वर्षभरात जेवढं नेलं असेल, त्याच्या कितीतरी पट आमच्या विजयानं त्या एका सकाळी नेलं.

मोबाईल चालूच होता. सचिनच्या हातातून तो बांधावर पडला होता आणि आभाळ दाखवत होता. लोक खाली हार्ट टाकत होते. त्यांना वाटत होतं कार्यक्रम चालू आहे.

दुपारी भाऊंचा फोन आला.

"व्हिडिओ आहे ना?"

"आहे."

"पोलिसांच्या गाडीनं मेंढरं मारली. उद्या सकाळी एसपी ऑफिस. पत्रक लगेच लिही."

"भाऊ, सायरन आपण मागितलेला. आणि मामांनी बंद केला होता. मी लावायला लावला. माझा आवाज आहे त्यात."

"तेवढं कापता येतं."

"सगळ्यांनी ऐकलंय, भाऊ."

"हे बघ, त्या माणसाचं नुकसान झालंय का नाही? भरपाई कोण देणार, तू? जिम्मेदारी सरकारची. गाडी सरकारची, सायरन सरकारचा. तू भावनेत जाऊ नको. लिही."

आणि मी लिहिलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण पत्रक चांगलं झालं होतं. विहिरीला कठडा नाही, हे त्यात होतं. कठड्याचा निधी गेला कुठं, असा सवाल होता. पोलीस प्रशासनाचा बेजबाबदारपणा होता. 'मेंढपाळांच्या जिवावर उठलेली गस्त' अशी ओळ होती, ती ओरडता येत होती. एकही वाक्य खोटं नव्हतं.

आमच्यात एक पद्धत आहे. ज्याच्या दुखण्यावर पत्रक, त्याला ते आधी वाचून दाखवायचं. ही भाऊंचीच पद्धत, आणि चांगली पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, एसपी ऑफिसला जायच्या आधी, मी पालावर गेले. आबा पालात तोंडावर पटका घेऊन पडले होते. उठले नाहीत. सोजरबाई वाचलेल्या मेंढरांपैकी एकीच्या पायाला हळद लावत होत्या.

"आबा, बरं नाही का?" मी विचारलं.

"त्येला काय झालंय?" सोजरबाई म्हणाल्या. "लाजलाय. 'वाजवा वाजवा' म्हनत हुता. आता तोंड दावना. तू वाच काय आणलंय त्ये."

मी वाचलं. आवाज बसलेला होता तरी ठसक्यात वाचलं, सवयीनं. त्या हळद लावत राहिल्या. संपल्यावर हळदीचा हात पदराला पुसला.

"पोरी, लई चांगलं लिव्हलंस. पोलिस हाय ह्यात. सरकार हाय. इहीर हाय, इहिरीचा मालक हाय. मपला धनी हाय, मी हाय." त्यांनी हळदीची वाटी बाजूला सारली. "तू कुठं हाईस?"

मी पत्रकाकडं बघितलं. खरंच बघितलं, मी कुठं सापडते का म्हणून. खाली होते. 'आपली नम्र' म्हणून.

पटक्याखालून आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. पोरगी काय इहिरीत ढकलाया आली हुती का?"

"मी कुठं म्हनले ढकललं? ही कुठं हाय त्येवढंच इचारलं."

सोजरबाई ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मला चाललं असतं. शिव्यांना उत्तर द्यायची मला सवय आहे. मी त्या पालाच्या दारात उकिडवी बसले आणि पत्रकात एक ओळ वाढवली. 'सायरनची मागणी आमच्या संघटनेची होती. माळावर चालकानं बंद केलेला सायरन पुन्हा लावायला मी सांगितलं.' ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा हळदीत हात घातला.

भाऊंनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, "हे पत्रक नाही, कबुलीजबाब आहे. हे छापायचं नसतं." छापलं गेलं नाही. एसपी ऑफिसवरही कुणी गेलं नाही, कारण लाईव्ह मी काढून टाकलं होतं आणि व्हिडिओ कुणाला दिला नाही. भाऊ काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले, कारण पुढच्या मोर्चाचं पत्रक लिहायला दुसरं कोणी नव्हतं.

मी ठाण्यात जाऊन जबाब दिला. गितेमामांची चौकशी लागली होती. माझ्या जबाबानं ती मिटली. बदली मात्र मिटली नाही. त्यांना निवृत्तीच्या तोंडावर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. निघताना मला ठाण्याच्या दारात भेटले. "मी कावून ऐकलं तुमचं?" एवढंच म्हणाले. खरंच विचारत होते.

भरपाईचं काय झालं तेही सांगते. वीज पडून मेंढरू मेलं तर नियम आहे. लांडग्यानं खाल्लं तर नियम आहे. पोलिसांच्या सायरननं मेलं तर कुठलाच रकाना नाही. तहसीलमधल्या साहेबांनी मला विचारलं, "त्या दिवशी वीज वगैरे काही...?" मी म्हटलं, आभाळ निरभ्र होतं, सगळ्या जिल्ह्यानं लाईव्ह बघितलंय. त्या माणसानं मदत करायचा प्रयत्न केला होता, हे मला घरी आल्यावर कळलं. विहिरीचा कठडा तेवढा आठवडाभरात बांधून झाला. मेंढरं मेल्यावर निधी सापडला.

पठाण साहेबांनी जबाबावर माझी सही घेतली आणि चहा मागवला.

"तुमच्याकडून लिहून घेतलं तेव्हा मी खूश होतो," ते म्हणाले. "म्हटलं, फिरवू पंधरा दिवस सायरन. चोर काही सापडणार नाही. मग ताईच येतील हात जोडून, आणि मी म्हणेन, बघा. मला तुम्हाला धडा द्यायचा होता."

मी म्हटलं, "मिळाला."

"मला पण," ते म्हणाले.

मग आम्ही माझ्या जुन्या पत्रकाच्या पाठीमागं माळ काढला. कुठं कुणाची पालं, कुठून धुळीची वाट निघते, ती डांबरीला कुठं मिळते. आबांना आणि इतर कळपवाल्यांना बोलावून त्यांच्याकडून तपासून घेतलं. माळावर मोटरसायकल, दोन जवान, साधे कपडे, कळपाच्या अलीकडंच इंजिन बंद. ते आल्याचं कागदावरच राहू नये म्हणून त्यांनी पालावर जाऊन बाईमाणसाशी बोलायचं, आणि तिनं मला मिस्ड कॉल द्यायचा. चौसाळ्याच्या बाजूला हायवेवर जीप उभी, दिवा चालू, आवाज नाही. आणि आठवडी बाजारात पायी दोघं, मेंढरं विकणाऱ्यांच्या रांगेत, गिऱ्हाईक म्हणून भाव करत फिरणारे.

चोर बाजारातच सापडला. कोकरू विकायला आणलं होतं आणि त्याचं वय विचारल्यावर त्याला सांगता येईना. दुसऱ्याला त्यानंच दाखवून दिलं. पेपरात छोटी बातमी आली, पोलिसांच्या सतर्कतेची. माळावरच्या चोऱ्या थांबल्या. बाकीच्या कळपवाल्यांनी पठाण साहेबांचा सत्कार केला. मलाही बोलावलं होतं. शाल देत होते. मी गेले नाही.

कारण आबा आणि सोजरबाईंना राखायला कळप उरला नव्हता. वाचलेली बहुतेक मेंढरं त्यांनी विकली. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या तेव्हा त्यांनीही कोयता घेतला. ज्या घरात आजवर कुणी ऊस तोडला नव्हता, ते घर तोडणीला निघालं. चौसाळ्याला ट्रक थांबला होता तिथं मी त्यांना भेटायला गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते. एक ओळ आठवली नाही.

आबा ट्रकवर वर चढून बसले होते. मला बघून त्यांनी पटका नीट केला आणि दुसरीकडं बघायला लागले.

"कावून आलीस?" सोजरबाईंनी खालूनच विचारलं. "आता चोर काय नेनार आमचं?"

मी त्यांचं गाठोडं उचलून ट्रकवर दिलं.

"दोन मेंढ्या हायेत, पालीला, नणंदंकडं. मी पाय धरून ठिवल्या हुत्या त्या. आमी चैतापातूर येतो. तवर बघून येत जा मधून मधून."

"जाईन की मावशी. दर आठवड्याला जाईन."

"जा. पर ती फटफटी डांबरीलाच ठिव. चालत जा." ट्रकवर चढता चढता त्या वळल्या. "आन् तोंड मिटून जा."

मी जाते. दर आठवड्याला. स्कूटी डांबरीवर बाभळीखाली लावते आणि चालत जाते. पहिल्यांदा त्या दोघी मला बघून मागं सरल्या होत्या. आता माना वर करतात, बघतात आणि चरायला लागतात.

पत्रकं मी अजून लिहिते. ओरडता येतील अशीच लिहिते. परवा एकात 'योग्य ती' आलं, तेव्हा भाऊंनी ते खोडलं. मी पुन्हा लिहिलं, आणि पुढं योग्य ती म्हणजे कुठली तेही लिहिलं.